एकसष्ट दात्यांचं चाक

बावीस जुलै, सोमवार. बेरीज ऐंशी. हजर: मी, माझे मिलिंगचे मिस्त्री दगडू, बोटीचे मालक नझीरभाई आणि त्यांची मुलगी तस्लीम.

माझ्या जॉब कार्डाच्या पहिल्या तीन ओळी अशाच असतात. तारीख सगळेच लिहितात. हजर कोण होतं ते मी लिहितो, म्हणजे पुढे 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणायला कोणाला जागा राहत नाही. मलाही नाही. आणि बेरीज ही दात्यांची.

माणगावात माझं गिअर कापायचं छोटं वर्कशॉप आहे. गिअर म्हणजे दातेरी चाक. ती जोडीने फिरतात. छोट्याला पिनियन म्हणतात, मोठ्याला नुसतं गिअर. दोन्ही आपापल्या शाफ्टवर बसतात आणि त्या दोन शाफ्टमधलं अंतर मशीन बनवणाऱ्याने कायमचं ठरवलेलं असतं. दात्याचा आकार तोच ठेवायचा असेल, तर दोन्ही चाकांच्या दात्यांची बेरीज त्या अंतराला बांधलेली असते. नझीरभाईंच्या बोटीवरच्या विंचची बेरीज ऐंशी. विंच म्हणजे जाळं ओढून घेणारं यंत्र. एका चाकाचा दाता वाढवला की दुसऱ्याचा कमी करावा लागतो.

टेबलावर ते चाक पडलं होतं. साठ दाते. त्यातले तीन तुटलेले.

"शिर्केशेठ, पोलाद लावलंत की पत्रा?" नझीरभाई उभेच होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "बंदी लागायला वीस दिवस असताना तुटलं. वीस दिवस बोट बंदरात. आणि आता एक ऑगस्टला सगळ्या बोटी सुटतील, मी काय किनाऱ्यावर उभा राहून हात हलवू?"

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. ती उठली की पहिल्या आठ दिवसांत जे मिळतं ते पुढे दोन महिन्यांत मिळत नाही, असं बंदरावरची माणसं सांगतात. नझीरभाई चौदा वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आले आणि श्रीवर्धनच्या अलीकडच्या बंदरात ही बोट बांधली. दोन भाऊ अजून तिकडेच आहेत. बोटीत त्यांचाही पैसा आहे.

"चाक बघू दे आधी," मी म्हणालो.

"बघा. मी कुठे जातो? बोट तर चालत नाही."

मी खडू घेऊन दाते मोजायला बसलो. दगडू खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचं मत ठरलेलं होतं. "शेट, जाळा खडकाला आडकला आसंल. जोर आला, दात गेला. दुसरा काय न्हाय."

मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण एकदम जोर आला तर शेजारशेजारचे दाते जातात. इथे तसं नव्हतं. एक तुटलेला दाता, मग एकोणीस चांगले, मग दुसरा तुटलेला. पुन्हा एकोणीस चांगले, मग तिसरा. बरोबर वीस-वीसच्या अंतरावर. बाकीचे सत्तावन्न दाते नव्यासारखे. पोलाद खराब असतं तर त्याने इतकं मोजून मापून काम केलं नसतं.

मग पिनियन घेतलं. वीस दाते. त्यातल्या एकावर खोल खोच होती, तिची कड वर उचललेली.

"हा कशाने लागला?"

"पहारीने," नझीरभाई म्हणाले. "ब्रेक सरकतो कधी कधी. खलाशी दात्यांत पहार अडकवतात. सगळेच अडकवतात."

दगडूंनी मला कोपरानेच ढोसलं आणि हळूच म्हणाले, "शेट, पहारीचा धरा. तेवढ्यावर मिटतंय."

मिटलं असतं. पहार अडकवायची नसते हे कोणीही मान्य करेल. पण ती जोडी वीस-साठची का आहे हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आदल्या ऑक्टोबरात नझीरभाई या विंचचं जुनं, झिजलेलं गिअर आणि पिनियन घेऊन आले होते. बाहेरच्या देशातलं बनावट. मोजलं तर पिनियनला एकोणीस दाते आणि गिअरला एकसष्ट. बेरीज ऐंशीच. मला तो आकडा वेडावाकडा वाटला. विंचचा वेग साधारण तिनास एक हवा. वीस आणि साठ केलं की बरोबर तीन येतो, बेरीजही बदलत नाही. शिवाय साठ दाते कापायला सोपे, एकसष्टला एक दिवस जास्त जातो. मी वीस-साठ कापले आणि वर त्यांना म्हणालो, "आकडा वाकडा होता, मी सरळ करून दिलाय." आकडे नीटनेटके असावेत ही माझी जुनी खोड. घरात दूधवाल्याचा हिशेबसुद्धा मी लिटरच्या तिसऱ्या दशांशापर्यंत नेतो.

आता हिशेब बघा. वीस दात्यांच्या पिनियनचा सात नंबरचा दाता साठ दात्यांच्या गिअरच्या सात नंबरला भेटतो. पिनियनचा फेरा झाला की सत्ताविसाव्याला. मग सत्तेचाळिसाव्याला. मग पुन्हा सातव्याला. बस्स, तेवढेच तीन. जन्मभर. त्या पिनियनच्या एका दात्यावर खोच पडली की तिचा प्रत्येक ठोका त्या तिघांनाच बसणार.

एकोणीस-एकसष्टमध्ये तसं होत नाही. सातवा भेटतो सातव्याला, मग सव्विसाव्याला, पंचेचाळिसाव्याला, मग तिसऱ्याला, मग बाविसाव्याला. एकसष्टच्या एकसष्ट दात्यांना भेटल्याशिवाय तो पहिल्याकडे परत येत नाही. मार सगळ्यांत वाटला जातो. हे साधतं कारण एकोणीस आणि एकसष्ट दोन्ही मूळ संख्या आहेत. एक आणि स्वतः, याशिवाय त्यांना कशानेच भाग जात नाही. मी उमेदवारीत असताना माझ्या उस्तादांनी हे शिकवलं होतं. तीस वर्षांपूर्वी ऐकलेलं मी एका सोप्या दिवसासाठी विसरलो.

मी खडू खाली ठेवला.

"नझीरभाई, पहार अडकवणं चूक. पण दाते त्याने तुटले नाहीत. माझ्यामुळे तुटले." आणि वर सांगितलं तेवढं सगळं सांगितलं.

नझीरभाईंनी ते चाक ओढून घेतलं आणि तुटलेले दाते स्वतः मोजले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तस्लीमने पर्समधून फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. त्यांच्या अंगणात नांगराशेजारी टाकलेलं जुनं गिअर. दात्यांवर लाल रंगाने आकडे घातलेले, एक ते एकसष्ट.

"काल मोजलं मी," ती म्हणाली. ती कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. "जुन्या गिअरवरही पहार अडकवायचे, काका. बारा वर्षं चाललं ते. म्हटलं, तुम्ही काय सांगता ते आधी ऐकू."

"आणि मी पहारीवर ढकललं असतं तर?"

"तर आम्ही ठाणे शहरातल्या वर्कशॉपकडे गेलो असतो."

दगडू एकदम कटर पुसायला निघून गेले.

नझीरभाई शेवटी बसले. "ठीक. एकोणीस-एकसष्ट करून द्या. पण आता तोंडी नको. भावांच्या तीन बोटी होतायत, मेहुण्याची एक आहे. सगळ्यांची विंच वेगवेगळी. कागद द्या, की कुठलीही बोट आणली तरी तुम्ही अशीच जोडी बसवाल, दोन्ही चाकं मूळ संख्येची. भावांना कागद दिसला तर ते पैसे पाठवतील, नाहीतर म्हणतील, त्या माणगाववाल्याकडे पुन्हा का गेलास?"

मागणी रास्त होती. मी लेटरहेड घेतलं. लिहायला लागलो: 'दात्यांची बेरीज कोणतीही असली तरी...' आणि थांबलो.

बेरीज विषम असेल तर? दोन मूळ संख्यांची बेरीज विषम यायची तर त्यातली एक दोनच असावी लागते. बाकी सगळ्या विषम. दोन दात्यांचं चाक कोणी पाहिलंय? म्हणून मी लिहिलं, 'बेरीज कोणतीही सम असली तरी...' आणि पुन्हा थांबलो. ऐंशीला एकोणीस आणि एकसष्ट मिळाले. शंभरला एकोणतीस आणि एकाहत्तर. पण प्रत्येक सम बेरजेला दोन मूळ तुकडे मिळतातच का?

मी तस्लीमला विचारलं. शिक्षिका आहे, तिला पाठ असेल.

ती हसली. "काका, हे कोणालाच माहीत नाही."

"कोणालाच म्हणजे? पुस्तकात बघून सांग."

"पुस्तकातच लिहिलंय की माहीत नाही. जिथपर्यंत तपासलं तिथपर्यंत प्रत्येक सम संख्या मिळाली. कॉम्प्युटरने प्रचंड लांबपर्यंत तपासलंय. पण नेहमीच मिळेल, हे सिद्ध कोणी केलेलं नाही. पावणेतीनशे वर्षं झाली प्रश्न विचारून."

"हा एवढासा प्रश्न? सहावीतल्या मुलाला कळेल असा?"

"कळतो सगळ्यांना. सुटत नाही."

मी पेनला टोपण घातलं. नझीरभाई उठले. "गुरुवारी येतो. कागद तयार असेल तर काम तुमचं. नसेल तर ब्लँक उचलून ठाण्याला नेतो. मग एक तारीख गाठेन न गाठेन, अल्लामालक."

ते गेले आणि माझा हात थांबेना.

ब्लँक म्हणजे दाते कापायच्या आधीची गोल चकती. ती मी त्याच दिवशी लेथवर लावली. काम मिळो न मिळो, वेळ तर जात होता. पिनियनचे एकोणीस दाते मंगळवारी सकाळीच झाले. अडचण एकसष्टची होती.

दाते सारख्या अंतरावर कापायला डिव्हायडिंग हेड नावाचं उपकरण असतं. त्याचा हँडल चाळीस फेरे फिरवला की चाक एक फेरा फिरतं. साठ दाते हवेत तर प्रत्येक दात्याला चाळीस भागिले साठ, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. हे मोजायला मागे भोकं पाडलेली गोल प्लेट असते. तिच्यावर अठरा भोकांची रांग असली की बारा भोकं पुढे गेलं, झाले दोन तृतीयांश. एकसष्टला मात्र चाळीस भागिले एकसष्ट. ते कशानेच लहान होत नाही. एकसष्ट भोकांचीच रांग हवी. माझ्या तीन प्लेटी. शेवटची रांग एकोणपन्नासची.

तस्लीमला मी फोनवर हे सांगितलं. कागदाचं काही सुचतंय का विचारायला फोन केला होता, पण बोलणं प्लेटींवर गेलं.

"आणखी प्लेटी घेतल्या तरी तेच होणार, काका. तुमच्या सगळ्या प्लेटींवरचे आकडे घ्या, सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. त्या संख्येला प्लेटीवरच्या एकाही आकड्याने भाग जाणार नाही, एक उरणारच. म्हणजे तिला भागणारी मूळ संख्या तुमच्या प्लेटींच्या बाहेरची. दुकानातल्या सगळ्या प्लेटी घ्या, तरी एक बाहेर आहेच."

फोन स्पीकरवर होता. दगडू म्हणाले, "म्हंजे ह्यांचा शेवट न्हायच?"

"नाही. हे मात्र सिद्ध झालेलं आहे."

"बरा. येक तरी काय ठरलेला हाय."

एकसष्टवर जुना उपाय आहे. हँडल साठच्याच हिशेबाने फिरवायचं, पण प्लेटीला मागून वेगळी चाकं जोडून तीही हळूच फिरत ठेवायची. प्लेट जेवढी सरकते तेवढा हिशेब चुकतो, आणि तो बरोबर हवा तेवढाच चुकवायचा. साठाच्या जागी एकसष्ट पडतात. मी कागदावर मांडलं, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर दात्यांची चाकं मागे लावली. दगडूंनी ब्लँकवर निळा रंग फासला. आमच्याकडे आधी नुसत्या रेघा ओढून बघतात, मग कापतात. अर्धा दिवस रेघा. मध्ये लाइट गेली, तरी हँडल हातानेच फिरवायचं असल्याने आम्ही खिडकीपाशी चालू ठेवलं.

शेवटची रेघ पहिलीवर बरोबर बसली. मला हायसं वाटलं. दगडू मोजत होते. त्यांनी दोनदा मोजलं.

"शेट, येकूणसाट."

"एकसष्ट."

"येकूणसाट हायत. तुमी मोजा."

एकोणसाठ होते. एकही चुकलेली नाही, अंतर सारखं, फक्त दोन कमी. पाच मिनिटं मी कागदाकडे बघत राहिलो. मग कळलं. मागच्या चाकांत मधलं एक चाक राहून गेलं होतं, त्यामुळे प्लेट उलट्या दिशेने फिरली. एका दिशेने फिरली तर साठात एक वाढतो, उलट फिरली तर साठातून एक जातो. दगडूंनी मधलं चाक बसवलं, रंग पुसला, पुन्हा फासला. या वेळी एकसष्ट.

मी हे तस्लीमला कळवलं, स्वतःवर हसत. तिने उलट लिहिलं: 'काका, एकोणसाठ आणि एकसष्ट दोन्ही मूळ! अशा जोडीला जोडमूळ म्हणतात. मध्ये फक्त एक सम संख्या.' मी विचारलं, अशा जोड्या किती? तिने लिहिलं, 'त्या संपतात की नाही, तेही माहीत नाही.'

माझ्या वर्कशॉपमधलं एक चाक उलटं लागलं आणि जगाला न सुटलेल्या दुसऱ्या प्रश्नावर मी उभा. वैतागच आला. एखादा जॉब होत नाही म्हणजे टूल नाही, मशीन नाही किंवा पैसे नाहीत. 'सगळ्यांना कळतं पण कोणालाच येत नाही' असा जॉब मी पाहिला नव्हता.

मंगळवार, बुधवार दोन्ही दिवस जेवताना ताटाशेजारी जॉब कार्डं. चारपासून सम संख्या घेत चाललो होतो. प्रत्येकीचे दोन मूळ तुकडे. चार म्हणजे दोन आणि दोन. सहा म्हणजे तीन आणि तीन. आठ म्हणजे तीन आणि पाच. चटाचट मिळत होते, आणि तेच सहन होत नव्हतं. न मिळणारी एक सापडली असती तर विषय संपला असता. अठ्ठ्याण्णवने घाम फोडला. तीन काढले तर पंच्याण्णव, पाच काढले तर त्र्याण्णव, सात काढले तर एक्क्याण्णव. एक्क्याण्णव मूळ वाटते, पण नाही, तेरा साते. अकरा, तेरा, सतरा, काहीच लागेना.

"भात गार झाला," बायको म्हणाली. "अठ्ठ्याण्णवचं काय बिघडलंय?"

"तुटत नाहीये."

"तुम्हाला तुटलेलं आणून दिलं तरी कटकट, न तुटलं तरी कटकट."

एकोणीस आणि एकोणऐंशीला तुटली. मी दोनशेपर्यंत गेलो. सगळ्या मिळाल्या. पण दोनशेपर्यंत मिळाल्या म्हणून दोनशे दोनला मिळेल, हे मी कशाच्या जोरावर लिहू? एकदा 'सरळ करून देतो' म्हणून बोललो होतो, त्याचे तीन दाते टेबलावर होते.

पंचवीस जुलै, गुरुवार. हजर तेच चौघं. एकसष्टचं गिअर तयार, तेल लावून कापडावर ठेवलेलं. पिनियन भट्टीतून कठीण होऊन आलेलं. कागद कोरा.

"नझीरभाई, जोडी तयार आहे. कागद मला देता येत नाही."

"का?"

"कारण तुम्ही मागता ते खरं आहे की नाही, हे जगात कोणालाच माहीत नाही."

नझीरभाईंनी तस्लीमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेठ, मी क्रेन चालवायचो. चाळीस टन उचलायच्या आधी इंजिनिअर सही करायचा. तो म्हणाला असता, जगात कोणालाच माहीत नाही, तर मी खाली उतरलो असतो. तुमचा धंदा आकड्यांचा. आणि तुम्ही म्हणता आकड्यांचं सांगता येत नाही?"

"सांगता येतं तेवढं सांगतो. दोनशेपर्यंत मी स्वतः तपासलंय. कार्डं इथे आहेत."

"बोट दोनशेवर थांबते का?"

"बोटीवरची बेरीज दोनशेवर सहसा जात नाही."

"सहसा!" ते उठले. "सहसावर बोट सोडू समुद्रात? चल गं, तस्लीम. दगडूभाई, गिअर गाडीत टाका. पोलादाचे पैसे देतो, बसवायचं ठाण्यात बघू."

दगडू जागचे हलले नाहीत. मी गिअरकडे बघत होतो. चार दिवस, दोन सेट रेघा, आणि ते दुसऱ्याच्या वर्कशॉपमधून बोटीवर जाणार.

तस्लीम कार्डं चाळत होती. पाठपोट दोनशेपर्यंतची सगळी. "अब्बा, थांबा जरा. काका, एक विचारू? तुमच्या उस्तादांनी नेमकं काय सांगितलं होतं? शब्दात सांगा."

मी आठवलं. तीस वर्षांचं अंतर, पण वाक्य तसंच होतं. "ते म्हणायचे, जोडीला समाईक भाग जाऊ देऊ नको. दोन्ही आकडे मूळ घेतलेस तर विचारच करावा लागणार नाही."

"म्हणजे पहिलं वाक्य काम आहे आणि दुसरं सोय. काका, तुम्हाला दोन्ही मूळ नकोच आहेत. तुम्हाला सहमूळ हवेत. दोघांना एकाच आकड्याने भाग जाऊ नये, एवढंच. सहावीच्या पुस्तकात आहे. वीस-साठ बिघडलं कारण विसाने दोघांना भाग जातो. सतरा आणि त्रेसष्ट चालेल, एकवीस आणि एकोणसाठही चालेल. एकवीस कुठे मूळ आहे?"

"आणि अशी जोडी प्रत्येक बेरजेला मिळते?"

"नेहमी. विषम बेरजेलासुद्धा. एखादी नाही जमली तर थोडं पुढेमागे सरकलं की जमेल. यात न सुटलेलं काहीच नाही."

दगडू म्हणाले, "म्हंजे दोन दिस शेट भाताकडं न बगता जे करत व्हते, ते बोटीला लागतच नव्हता?"

"नव्हतं," तस्लीम म्हणाली. "ते फक्त काकांना लागत होतं."

नझीरभाई पहिल्यांदा हसले. बसले. मी लिहिलं: 'दात्यांची बेरीज कोणतीही असो, दोन्ही चाकांना एकाच आकड्याने भाग जाणार नाही अशीच जोडी बसवीन. तसं नसेल तर चाक आणि मजुरी दोन्ही माझ्याकडून.' खाली दुसरी ओळ माझ्या आग्रहाने: 'दात्यांत पहार अडकवू नये.' नझीरभाईंनी ती वाचली, दाढी खाजवली आणि म्हणाले, "ही ओळ खलाशांना कोण वाचून दाखवणार?" पण सही केली.

एकोणतीस तारखेला मी आणि दगडू बंदरावर जाऊन जोडी बसवून आलो. रिकामं फिरवलं, मग धक्क्याला दोर बांधून ओढून पाहिलं. आवाज एकसारखा. वीस-साठला जो दर फेऱ्याला टक-टक यायचा, तो नाही. एक ऑगस्टला बोट सुटली. मी नव्हतो तिथे. तस्लीमने फोटो पाठवला, त्यात बोटीपेक्षा पाऊसच जास्त दिसतो.

पुढच्या महिन्यात मेहुण्याच्या बोटीचं विंच आलं. दात्यांची बेरीज मोजली. अठ्ठ्याण्णव. दगडूंनी मुद्दाम मोठ्याने वाचली. मला एकोणीस-एकोणऐंशी पाठच होती, पण त्याने विंच फार हळू फिरलं असतं. मी पंचवीस आणि त्र्याहत्तर कापले. पंचवीस मूळ नाही. बोट उत्तम चालते.

कार्डं अजून भरतो मी. सातशेच्या पुढे गेलोय. कशासाठी, ते बायकोला सांगता येत नाही. धंद्यापुरतं सांगायचं तर जुन्या मशीनमधला आकडा वाकडा दिसला, तर तो सरळ करायच्या आधी वाकडा का आहे ते शोधावं. आणि लिहून देताना जेवढं हवं तेवढंच लिहावं, त्यापेक्षा जास्त नको. जास्तीचं खरं असतंच असं नाही.

व्यवहार असा मिटला. पोलादाचे आणि भट्टीचे पैसे नझीरभाईंनी दिले. या वेळची मजुरी मी घेतली नाही, आणि गेल्या ऑक्टोबरची पाकिटात घालून त्यांना परत केली. ते घेईनात, म्हणून तस्लीमच्या हातात दिली. तिला तिचे काय द्यायचे विचारलं, तर तिने ते तीन दाते तुटलेलं साठचं चाक मागितलं. वर्गात दाखवायला. त्याच्या बाजूवर माझ्या वर्कशॉपचा पंचने उठवलेला ठसा आहे, नावासकट. दगडू ग्राइंडर घेऊन तो घासून टाकायला निघाले होते. मी ग्राइंडर काढून घेतला आणि चाक आहे तसं तिला दिलं.